नावं चुकली की इतिहास गेला: महिला फुटबॉल क्लबची स्मरणिका करून देणाऱ्या नाशिकच्या एका छापखान्याबद्दल

नाशिकला छपाई नवी नाही. नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जातात, आणि शहराच्या जुन्या भागात पत्रिका, पावतीपुस्तकं, अहवाल छापणारे लहान छापखाने आजही तग धरून आहेत. त्यांतल्याच एका छापखान्याने संस्थांचा इतिहास पुस्तकरूपात करून द्यायचं काम हाती घेतलं आहे. जुने फोटो आणि कात्रणं स्कॅन करणं, मजकूर टाइप करणं, पानं लावणं, छपाई आणि बांधणी असं सगळं तेच करतात. पतसंस्था, शाळा, मंडळं यांची कामं त्यांच्याकडे बरीच येतात. इथे परीक्षण आहे ते त्यांनी केलेल्या एका वेगळ्या कामाचं: तीन दशकांहून थोडा जुना, पन्नास-साठ मुलींचा, स्वतःचं मैदान नसलेला महिला फुटबॉल क्लब, आणि त्याची ९६ पानी स्मरणिका. आकार डेमी एक-चतुर्थांश (साधारण ए-फोर कागदाएवढा), ३०० प्रती, मॅट आर्ट पेपर, शिवलेली बांधणी.

निकाल आधीच सांगतो. कागद, छपाई, बांधणी उत्तम. स्कॅनिंग चांगलं. फोटो 'सुधारून' द्यायची त्यांची सवय घातक आणि ती पहिल्याच दिवशी लेखी बंद करून घ्यावी लागते. मुद्रितशोधनात फुटबॉलची माहिती शून्य. आणि तरीही शिफारस करतो, कारण ज्या एका गोष्टीवर महिला क्लबचा इतिहास उभा राहतो किंवा कोसळतो, ती गोष्ट त्यांनी समजून घेतली आणि तिच्यावर मनापासून मेहनत केली. ती गोष्ट म्हणजे खेळाडूंची नावं.

पुरुषांच्या क्लबच्या पुस्तकात ही अडचण येतच नाही. तीस वर्षांपूर्वीच्या संघयादीतला मुलगा आज प्रशिक्षक असेल तर त्याचं नाव तेच असतं. मुलीचं तसं नाही. लग्नानंतर आडनाव बदलतं, मधल्या जागी वडिलांऐवजी नवऱ्याचं नाव येतं, आणि आपल्याकडे कितीतरी घरांत तांदळाच्या ताटात अंगठीने पहिलं नावही नवं लिहिलं जातं. म्हणजे तीनही शब्द बदलले. जिल्हा स्पर्धेच्या यादीतली गोलरक्षक आणि दहा वर्षांनी त्याच क्लबच्या लहान मुलींना शिकवणाऱ्या ताई ही एकच व्यक्ती आहे, हे कागदावर कुठेही दिसत नाही. छापखान्याच्या पहिल्या कच्च्या सूचीत अशा कितीतरी जणी दोन-दोनदा आल्या होत्या आणि त्यांची कारकीर्द मधोमध तुटली होती. वाचणाऱ्याला वाटावं, की मुली दोन-तीन वर्षं खेळून गायब होतात.

यावर तोडगा निघाला तो साध्या एक्सेलच्या तक्त्यातून. प्रत्येक व्यक्तीला एक क्रमांक. त्यापुढे संघयादीत जसं लिहिलंय तसं नाव, चुकीचं असलं तरी तसंच. मग आजचं नाव. मग मैदानावर मारायची हाक, कारण जुन्या सोबतिणींना पूर्ण नाव आठवत नाही, हाक आठवते. मग जर्सी नंबर हंगामासकट, खेळायची जागा, आणि शेवटी पुरावा कुठला: यादी, प्रमाणपत्र, कात्रण की फक्त आठवण. फोटोखालच्या ओळीत त्या दिवशीचं नाव छापायचं, म्हणजे माहेरचं. सूचीत मुख्य नोंद माहेरच्या नावाखाली आणि सासरच्या नावाखाली 'पाहा' अशी नोंद. उलट केलं तर जुन्या कात्रणाशी पुस्तकाचा मेळ बसत नाही. ज्यांनी दोन्ही नावं वापरायची ठरवली आहेत किंवा ज्यांना आजचं नाव छापायला नको आहे, त्यांना फोन करून विचारायचं काम मात्र क्लबचंच. छापखान्याने ते करावं अशी अपेक्षा ठेवू नका.

सूची लावताना आणखी एक अडचण येते. युनिकोडमध्ये सरळ क्रम लावला की 'क्षितिजा' क मध्ये जाते आणि 'ज्ञानदा' ज मध्ये, तर मराठी वाचक त्यांना ह च्या पुढे, अगदी शेवटी शोधतो. दोन्हीपैकी एक पद्धत ठरवून सूचीच्या वर एका ओळीत लिहून टाकावी. इथे ती ओळ छापली आहे, चांगलं केलं.

स्कॅनिंग

क्लबचं साहित्य होतं ते सगळीकडे असतं तसंच: चिकट पानांचे अल्बम, फ्रेममधले संघाचे फोटो, वहीत डिंकाने चिकटवलेली 'गांवकरी', 'देशदूत', 'सकाळ', 'लोकमत'ची कात्रणं, लॅमिनेट केलेली प्रमाणपत्रं, थोड्या निगेटिव्ह आणि एक-दोन व्हिडिओ कॅसेट.

पोस्टकार्ड आकाराचा, म्हणजे ४ × ६ इंची फोटो ते ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) घेतात. त्यातून २४०० × ३६०० पिक्सेल मिळतात, आणि छपाईच्या ३०० डीपीआयला तो ८ × १२ इंचांपर्यंत जातो. डेमी एक-चतुर्थांशच्या पूर्ण पानाला पुरतो. कुणी ३०० ला स्कॅन करून देत असेल तर तो फोटो मूळ आकारापेक्षा मोठा छापता येत नाही, हे लक्षात ठेवा. निगेटिव्ह मिळाली तर फोटोच्या आधी ती घ्या. ३५ मिमीची निगेटिव्ह ३२०० डीपीआयला घेतली की साधारण ४५०० पिक्सेल लांबी मिळते, आणि लॅबने प्रिंट काढताना कडेला कापलेली खेळाडू बऱ्याचदा निगेटिव्हवर शाबूत असते.

चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढायचा नाही. कागदाचा थर पानाला राहतो आणि चेहरा फाटतो. डेंटल फ्लॉसचा दोरा फोटोमागून एका कोपऱ्यातून दुसरीकडे करवतीसारखा हळूहळू ओढत न्यायचा. तरीही सुटत नसेल तर पानासकट स्कॅन करायचा. हे त्यांच्याकडच्या मुलीला नीट येतं, हात हलका आहे.

फ्रेममधले फोटो पावसाळ्यातल्या ओलीने काचेला चिकटतात. असे फोटो काचेसकटच स्कॅन करावे लागतात, आणि इथे यंत्राचा प्रकार महत्त्वाचा ठरतो. स्वस्त, पातळ स्कॅनर बहुतेक सीआयएस पद्धतीचे असतात. काचेपासून दोन-तीन मिलिमीटर वर असलेली वस्तू त्यांत धूसर येते. जाड, जुन्या घडणीचा सीसीडी स्कॅनर ती नीट पकडतो. या छापखान्यात सीसीडी आहे. दुसरीकडे काम देणार असाल तर हा एक प्रश्न आधी विचारा, बाकी गोष्टी नंतर.

कात्रणांच्या मागे काळा कागद ठेवून स्कॅन केलं आहे, त्यामुळे मागच्या बाजूचा बाजारभाव किंवा जाहिरात पुढे उमटत नाही. वर्तमानपत्रातल्या फोटोंचे ठिपके आणि छपाईचे ठिपके एकमेकांवर आले की जाळीसारखे पट्टे दिसतात. ते काढण्यासाठी स्कॅनरमधली डिस्क्रीनची सोय वापरावी लागते. सुरुवातीच्या काही पानांत ती वापरली नव्हती, प्रूफवर पट्टे स्पष्ट दिसले, पुन्हा करून घेतलं. लॅमिनेट केलेली प्रमाणपत्रं स्कॅनरमध्ये चमकतात. त्यांचे कॅमेऱ्याने फोटो काढले आहेत, दोन दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत ठेवून. हे काम निर्दोष.

व्हिडिओ कॅसेटमधून मोठे फोटो मिळतील ही आशा सोडा. जुन्या पाल पद्धतीच्या (आपल्याकडच्या टीव्हीच्या) व्हिडिओची एक चौकट फार तर ७२० × ५७६ पिक्सेलची. ३०० डीपीआयला तिचा आकार सुमारे ६ × ५ सेंटिमीटर, म्हणजे काडेपेटीहून जरासा मोठा. गोल होतानाचा क्षण असेल तर तेवढ्या आकारात छापा, ताणू नका. व्हॉट्सअॅपवर आलेल्या फोटोचंही तेच. साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो आकुंचन पावून लांबीला साधारण १६०० पिक्सेल उरतो, १३-१४ सेंटिमीटरांपुढे त्याची पिसं निघतात. जुन्या खेळाडूंना फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

'सुधारलेले' चेहरे

आता तक्रारीचा भाग, आणि हा सविस्तर लिहायला हवा.

पहिल्या प्रूफमध्ये एका जुन्या संघाच्या फोटोतल्या सगळ्या मुली उजळ झाल्या होत्या. गाल गुळगुळीत, डोळ्यांखालच्या सावल्या गायब. गुडघ्यांवरचा आणि मोज्यांवरचा काळ्या मातीचा चिखल पुसून टाकलेला. ऑपरेटरने लग्नाच्या अल्बमच्या सवयीने 'फोटो साफ केला'. पावसाळ्यात काळ्या मातीवर खेळलेल्या अंतिम सामन्यानंतरचा तो फोटो आहे. चिखल हाच त्यातला पुरावा आहे की सामना झाला, कुठल्या ऋतूत झाला आणि कशावर झाला. रंग उजळवण्याबद्दल तर बोलायलाच नको. उन्हात रोज दोन तास धावलेल्या मुलींच्या चेहऱ्यावरचं ऊन पुसायचा अधिकार कुणालाच नाही.

त्याहून वाईट प्रकार एआयने फोटो 'शार्प' करण्याचा. असं सॉफ्टवेअर नसलेला तपशील अंदाजाने भरतं. धूसर चेहऱ्याला ते डोळे, दात, भुवया देतं, पण त्या कुणा दुसरीच्या. एका फोटोत पाठमोऱ्या खेळाडूच्या जर्सीवरचा ८ चा ३ झाला होता. मूळ फोटो भिंगाखाली धरला की डावीकडची फिकी कड दिसते, ८ च आहे. सॉफ्टवेअरला ती डाग वाटली आणि त्याने ती भरून टाकली. शेजारी पडलेल्या बत्तीस तुकड्यांच्या चेंडूवरचे काळे पंचकोन सरमिसळ होऊन नुसते डाग उरले होते. चेंडूचं एक वेळ चालेल. पण नंबरावरून खेळाडू ओळखायची असते, तिथे ८ चा ३ होणं म्हणजे एकीचा गोल दुसरीच्या नावावर जाणं.

छापखान्याने वाद न घालता सगळे फोटो मूळ स्कॅनवरून पुन्हा लावले, हे त्यांच्या बाजूने नोंदवतो. काय चालतं आणि काय नाही याची यादी मग अशी ठरली: धूळ आणि ओरखडे चेहऱ्याबाहेर काढायचे, रंगाचा तोल सुधारायचा, कारण जुन्या रंगीत फोटोंत सायन (हिरवट निळा) रंग आधी उडतो आणि फोटो लालसर होतो, बुरशीचे ठिपके आकाशात आणि मैदानात काढायचे, अंगावरचे राहू द्यायचे. चेहरा, नंबर, जर्सीवरची अक्षरं आणि गुणफलक यांना हात लावायचा नाही. हे कामाच्या ऑर्डरवरच लिहून घ्या.

कडेच्या मुलीला कापण्याची सवयही अशीच. पानाच्या मापात बसवायला ऑपरेटर दोन्ही बाजूंनी थोडं थोडं कापतो, आणि संघाच्या फोटोत कडेला नेहमी राखीव खेळाडू उभ्या असतात. ज्यांना मैदानावर कमी वेळ मिळाला, त्यांना पुस्तकातही जागा नाही. प्रत्येक संघफोटोतली डोकी मोजा: मूळ फोटोत किती, प्रूफवर किती.

तारखा आणि निकाल

मजकूर क्लबने द्यायचा असतो, तो तपासून देणं या सेवेत नाही. पण मुद्रितशोधक मजकूर 'दुरुस्त' करतो तेव्हा फुटबॉल कळणारं कुणीतरी समोर बसलेलं हवं. इथे एका जुन्या सामन्याच्या वर्णनातली ४० मिनिटांचा पूर्वार्ध त्यांनी परस्पर ४५ चा केला. चूक त्यांची. महिलांचे सामने त्या काळात ८० मिनिटांचे सर्रास असत. १९९१ साली चीनमध्ये झालेल्या पहिल्या महिला विश्वचषकाचे सामनेही ८० मिनिटांचेच होते.

गुणतक्त्यांचंही तसंच. विजयाला २ गुण धरलेला तक्ता पाहून कुणीतरी बेरीज चुकली असं समजतं. फिफाने १९९५ पासून विजयाला ३ गुण सगळीकडे लागू केले, त्याआधी बहुतेक ठिकाणी २ हाच रिवाज होता. म्हणून तक्ता आहे तसा ठेवायचा आणि खाली एक ओळ द्यायची. टायब्रेकरचा घोळ मात्र जुन्या बातम्यांतूनच येतो. १-१ बरोबरी आणि टायब्रेकरमध्ये ४-३, याची बातमी कधी कधी '५-४ ने विजय' अशी छापून येई. पुस्तकात १-१, टायब्रेकर ४-३ असंच लिहायला हवं, नाहीतर गोल करणाऱ्यांच्या यादीशी निकाल जुळत नाही.

ज्या फोटोवर तारीख नाही त्याचं साल काढायला आजूबाजूचे कागद मदत करतात. प्रमाणपत्रावर नुसतं 'पुणे विद्यापीठ' असेल तर ते ऑगस्ट २०१४ च्या आधीचं. त्यानंतर 'सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ'. शिक्क्यात 'बॉम्बे' असेल तर बहुधा १९९५ च्या आधीचं. फोटोच्या कोपऱ्यात कॅमेऱ्याने उमटवलेल्या नारिंगी तारखेवर विसंबू नका. सेल बदलला की कॅमेऱ्यातली तारीख मुळावर जायची आणि कुणी ती परत लावत नसे. दोन पुरावे भिडले तर पंचाचा अहवाल आधी, मग त्या दिवशीची गुणलेखकाची वही, मग बातमी, आणि आठवण सगळ्यांत शेवटी. आठवणीत गोल वाढत जातात.

पुस्तकात देशातल्या महिला फुटबॉलचं एक पान आहे. ते आटोपशीर ठेवलं आहे हे बरं. भारतीय महिला फुटबॉल महासंघ १९७५ मध्ये स्थापन झाला. कोझिकोडला झालेल्या आशियाई स्पर्धेत भारत उपविजेता ठरला. ती काही याद्यांत १९७९ ची, काहींत १९८० ची म्हणून येते, दोन्ही साल एकाच स्पर्धेचं. १९८३ मध्ये पुन्हा उपविजेतेपद. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला महिला फुटबॉलचा कारभार अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडे आला. राष्ट्रीय अजिंक्यपद आज राजमाता जिजाबाई करंडकासाठी खेळलं जातं, इंडियन विमेन्स लीगचा पहिला हंगाम २०१६-१७ चा, आणि १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना ऑक्टोबर २०२२ मध्ये नवी मुंबईत झाला, स्पेनने कोलंबियाला १-० हरवलं. नाशिकच्या क्लबच्या पुस्तकात एवढं पुरे. यापुढची जागा हंगामनिहाय निकालांना द्यावी, ती त्यांनी दिली.

टाइप आणि पानं

मजकूर दोन प्रकारचा होता: काही फाइली श्रीलिपी या युनिकोडआधीच्या फाँटमधल्या जुन्या, काही युनिकोडमधल्या. जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये बदलताना जे मोडायचं ते मोडलंच. सगळ्यांत जास्त 'ऱ्ह'. कुऱ्हाडे, गोऱ्हे, बोऱ्हाडे ही आडनावं प्रूफवर 'कुर्हाडे', 'गोर्हे', 'बोर्हाडे' झाली होती. नाशिक जिल्ह्यातल्या संघयादीत बोऱ्हाडे येणारच, त्यामुळे हे एक-दोन जागी नव्हतं. 'ॲ' च्या जागी चौकोन, 'ष्ट' आणि 'द्व' सुटे. पानं लावायच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर ही देवनागरीला लागणारी सोय चालू नसेल तर ऱ्हस्व वेलांटी एक अक्षर पुढे सरकते. एका लेखात 'निकाल' तसाच सरकलेला होता. डोळ्यांनी वाचून हे सगळं सापडत नाही. 'र्ह', 'र्य' शोधून एकेक जागा पाहावी. 'सूर्य' बरोबर असतो, 'पायर्या' चूक.

नावांची पानं शेवटच्या प्रूफमध्ये मोठ्याने वाचून तपासा, एकाने यादी धरायची, दुसऱ्याने प्रूफ. प्लेट काढल्यावर नाव बदलायचं झालं तर मजकूर निव्वळ काळ्या शाईत लावलेला आहे ना, हे महत्त्वाचं. तसा असेल तर एका फर्म्याच्या (एकत्र छापलेल्या १६ पानांच्या) एका बाजूची फक्त काळी प्लेट बदलावी लागते. चार रंग मिसळून केलेला काळा असेल तर चारही, शिवाय बारीक अक्षरांना रंगीत कडा दिसतात. इथे मजकूर निव्वळ काळा होता आणि शेवटच्या क्षणीची एक दुरुस्ती स्वस्तात निभावली.

छपाई आणि बांधणी

९६ पानं म्हणजे १६ पानी सहा फर्मे, एकही पान वाया नाही. शंभर पानं करा म्हणून आग्रह झाला असता तर चार पानांसाठी वेगळा तुकडा छापावा लागला असता. रंगीत फर्म्याला चार रंग आणि दोन बाजू मिळून आठ प्लेटा लागतात, आणि तो खर्च ५० प्रतींना तेवढाच, ३०० ना तेवढाच. म्हणून शंभराच्या आत बिनप्लेटची डिजिटल छपाई परवडते आणि तीनशेला प्लेटांची ऑफसेट. अंदाजपत्रक मागताना 'एका प्रतीला किती' असं विचारू नका. स्कॅनिंग नगावर, मांडणी पानावर, छपाई-कागद वेगळे, बांधणी वेगळी असे चार आकडे घ्या. पहिल्या अंदाजपत्रकात स्कॅनिंग एकगठ्ठा धरलं होतं. वेगळं मागितल्यावर लगेच दिलं.

आकार निवडताना संघाचा फोटो डोळ्यांपुढे ठेवा. एका ओळीत नऊ जणी, मजकुराची रुंदी सात इंच, म्हणजे प्रत्येकीला सुमारे दोन सेंटिमीटर आणि चेहरा ७-८ मिलिमीटर. ओळखता येतो. लहान पुस्तकाच्या डेमी एक-अष्टमांश आकारात तोच चेहरा ५ मिलिमीटरवर येतो आणि बहिणी-बहिणीही ओळखू येत नाहीत. दोन पानांवर पसरलेला फोटो मोहात पाडतो, पण शिवणीत दोन्हीकडचे चार-पाच मिलिमीटर जातात, आणि मधोमध कोण बसलेली असते? ढाल हातात धरलेली कर्णधार. असा एक फोटो मांडला होता, तो एका पानावर आडवा घ्यायला लावला.

शेवटचा फर्मा सोडून कागद १३० जीएसएम (चौरस मीटरला १३० ग्रॅम) मॅट आर्ट. चकचकीत आर्ट पेपरवर दिव्याखाली फोटो चमकतो आणि पुस्तक जड होतं. ही प्रत सुमारे ४०० ग्रॅमची आहे, पाच नंबरच्या चेंडूपेक्षा थोडी हलकी. बांधणी फर्मे शिवून केली आहे, नुसती गोंदाची नाही, आणि इथे तडजोड करू नका. आर्ट पेपरच्या लेपावर गरम गोंद नीट धरत नाही. दोन-चार वेळा पुस्तक पूर्ण उघडलं की पानं हातात येतात. हे पुस्तक घरोघरी शंभरदा उघडलं जाणार, 'ही बघ मी' म्हणून. शिवण आम्ही ताणून पाहिली, सैल नाही. कागदाचा धागा, म्हणजे तंतूंची दिशा, कण्याला समांतर घेतला आहे, त्यामुळे पानं लाटेसारखी वाकत नाहीत.

क्लबची जर्सी गडद निळी. पहिल्या छापील नमुन्यात ती सरळ जांभळी आली. सायन १०० टक्के आणि मॅजेंटा (गुलाबी-जांभळा) ९० टक्के असेल तर असंच होणार; मॅजेंटा ७० च्या खाली आणला की निळा निळा राहतो. पडद्यावर रंग बरोबर दिसतो, कागदावर बिघडतो, म्हणून मुखपृष्ठाचा छापील नमुना पाहिल्याशिवाय सही करू नका.

काम हाती देताना त्यांनी फक्त पीडीएफ दिली. मूळ इनडिझाइन फाइल, फाँट, टिफ स्कॅन आणि खेळाडूंचा तक्ता मागून घ्यावे लागले. ते क्लबचेच असतात, पुढची आवृत्ती त्यावरच होते. ऑर्डरमध्ये आधीच लिहा. आणि स्कॅनिंगला देण्यापूर्वी नोंदणी अर्ज वेगळे काढा. त्यांवर अल्पवयीन मुलींच्या जन्मतारखा, घरचे पत्ते, आधार क्रमांक असतात. इथे ते गठ्ठ्यात गेले आणि सगळ्यांना दिसणाऱ्या फोल्डरमध्ये पोचले होते. लक्षात येताच छापखान्याने पुसले, पण ते तिथे जायलाच नको होते.

मूळ फोटो परत घेताना चिकट अल्बममध्ये पुन्हा लावू नका. कागदी पाकिटात उभे ठेवा, मागे मऊ पेन्सिलने खेळाडू क्रमांक लिहा. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो.

सहावा फर्मा आर्ट पेपरचा नाही, ९० जीएसएम मॅपलिथोचा, म्हणजे लेप नसलेल्या साध्या कागदाचा आहे. ही कल्पना छापखान्याच्या जुन्या बाइंडरची. त्यात सूची आहे, आणि ज्या फोटोंतल्या सगळ्यांची ओळख पटलेली नाही त्या फोटोंची बाह्यरेषा काढून प्रत्येक डोक्यावर आकडा घातला आहे. खाली आकड्यांपुढे नावं, आणि जिथे नाव सापडलं नाही तिथे टिंबांची रेघ. मांडणी करणाऱ्याने आधी त्या रेघा काढून नावं सलग केली होती, पानं नीटनेटकी दिसावीत म्हणून. त्या परत घालून घेतल्या. आर्ट पेपरवर पेनाची शाई पसरते, मॅपलिथोवर नीट बसते. प्रती जुन्या खेळाडूंकडे जातील तशा 'उभ्या, डावीकडून चौथी' पुढची जागा कुणीतरी पेनाने भरेल, आणि त्या पानाचा फोटो काढून क्लबला पाठवायची सूचना तिथेच छापली आहे.